बायकोच्या भाताला नवऱ्याचे तारे

बायकोच्या खानावळीला नवऱ्याने पाच तारे द्यायचे झाले, तर ते दुसऱ्या नावाने द्यायचे असतात, एवढी अक्कल मला होती. म्हणून तर मी फोनवर 'समाधानी प्रवासी' या नावाचं एक नवंकोरं खातं उघडलं होतं. पण ऐन वेळी ते खातं मागे राहिलं आणि माझं नेहमीचं पुढे आलं. त्यामुळे 'जेवण अप्रतिम! ओल्या काजूची उसळ खाऊन बोटं चाटत राहिलो. मालकीणबाई अत्यंत प्रेमळ व हसतमुख. वाट वाकडी करून जावं असं ठिकाण,' हा सगळा मजकूर माझ्या खऱ्या नावाखाली, माझ्या फोटोशेजारी जाऊन बसला. फोटोही ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, टाय लावलेला. शिवाय खानावळ आहे ती कोल्हापूरच्या हमरस्त्याला लागून. तिथे वाट वाकडी करून जायचं तर आधी डोंगर चढावा लागेल आणि मग मागच्या परसातून खाली उतरावं लागेल.

तिथेच थांबलो असतो, तरी निभावलं असतं. पण गिऱ्हाइकाने कौतुक केलं की मालकाने आभार मानायचे असतात, असं मला नुकतंच शिकवलेलं होतं. मी लगेच खाली लिहिलं, 'धन्यवाद सर! आपल्यासारखे जाणकार ग्राहक हेच आमचं वैभव.' तेही त्याच टायवाल्या फोटोसकट.

पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही स्वतःशी किती आदराने बोलता हो!"

काही वर्षांपूर्वीचं हे सगळं आज आठवायचं कारण असं, की परवा संध्याकाळी फोनने आपणहून माझं अभिनंदन केलं. तुमचा अभिप्राय पुष्कळ लोकांनी वाचला, असेच लिहीत रहा, म्हणे. मी रत्नागिरीतल्या आमच्या गॅलरीत उभा होतो. मिरकरवाड्याच्या बंदराकडून वारा सुटला होता आणि त्याच्यासोबत वाळत घातलेल्या सुकटीचा वास येत होता. खालच्या वाडीत कोणीतरी ढोलाचं चामडं तापवून त्याच्यावर थापा मारून बघत होतं. धड वाजवणं नव्हे, नुसतं चाचपणं. पण तेवढ्या दोन थापांनी माझ्या पोटात जे हललं, ते मोठमोठ्या वाद्यवृंदांनी कधी हललेलं नाही. शिमगा आला.

फाल्गुन हा आमच्याकडचा खरा महिना. कातळावरचं गवत वाळून सोनेरी होतं आणि पायाखाली कुरकुरतं. काटेसावरीला एक पान नसतं, पण झाड लालबुंद. भातरोपांच्या तरव्याच्या जमिनी भाजायला घेतलेल्या असतात, त्यामुळे दुपारी सगळ्या गावावर पातेऱ्याच्या, म्हणजे वाळक्या पानांच्या, धुराची एक निळसर चादर असते. ओले काजू फोडताना बायकांच्या बोटांना डिंक लागून कातडी सोलवटते, तरी कोणी थांबत नाही. वर्षातून एवढे चार दिवस ती उसळ मिळते. आंब्याचं नाव मी मुद्दाम काढत नाही. त्याची प्रसिद्धी करायला मी कशाला हवा?

प्रसिद्धी हा माझा धंदा आहे, हे सांगायचं राहिलं. एका पतसंस्थेत मी जनसंपर्काचं काम बघतो. म्हणजे मुख्यतः अध्यक्षांच्या गळ्यात हार पडताना फोटो काढतो आणि तो स्थानिक पेपरात छापून येईल असं बघतो. हार नसेल तर शाल. इतकी वर्षं हे निवांत चाललं होतं. पण त्या वर्षी, शिमग्याच्या जरा आधी, संस्थेने आम्हा सगळ्यांना एका प्रशिक्षणाला बसवलं. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. पांढरा शर्ट, कानाला अडकवलेला माईक. ते म्हणाले, "प्रतिमा ही रोपासारखी असते. तिला रोज पाणी घालावं लागतं." आमच्याकडे काजूला कोणी पाणी घालत नाही, तो आपला आपण वाढतो. पण मी ते वाक्य लिहून घेतलं. पुढची वाक्यंही घेतली. संकट आलं तर पहिल्या तासाच्या आत निवेदन द्या. बोलणारा माणूस एकच ठेवा. अडचणीचा प्रश्न आला तर विषयाला वळण द्या. मी इतका भारावलो, की ही विद्या कुठेतरी लावून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. पतसंस्थेला लावायची तर अध्यक्षांची परवानगी लागते. खानावळीला कोणाचीच लागत नव्हती.

खानावळ म्हणजे आमचंच गावातलं घर. पालीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला. मोठा भाऊ मुंबईला असतो आणि शैलावहिनी गावी. दोघींची मुलं मोठी होऊन बाहेर पडली, तशा वहिनी आणि माझी बायको सुनंदा, दोघी जावांनी मिळून पडवीत चार बाकडी टाकली. सुनंदा सकाळच्या एसटीने रत्नागिरीहून जाते आणि संध्याकाळी परत येते. पाटी अशी नाहीच. पण रस्त्यावरचे ड्रायव्हर त्या जागेला 'जावांची खानावळ' म्हणायला लागले. दोन जावा एका चुलीवर रांधतात आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज येत नाही, हे बघायलाच पहिली काही माणसं आली असावीत. मग कुळथाची पिठी, भात, काळ्या वाटाण्याची आमटी आणि तांदळाची भाकरी खाऊन ती परत परत आली.

यात माझी मदत कुठे हवी होती? कुठेच नाही.

आता, सुनंदा कशासाठी झुरत होती ते सांगतो. आमच्या देवीची पालखी शिमग्यात घरोघर फिरते आणि शेवटी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या तिच्या चौथऱ्यावर, येऊन बसते. त्या दिवशी सगळं गाव आणि मुंबईहून आलेले सगळे चाकरमानी तिथे एका पंगतीला जेवतात. पूर्वी गावकरीच मिळून रांधायचे. आता गावात तेवढे हात उरले नाहीत, म्हणून गावाचं मंडळ शहरातल्या आचाऱ्याला बोलवायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच तात्या गावकर पडवीत येऊन म्हणाले होते, "सुनंदा, यंदा सहाणंवरचा जेवान तुमी दोगी जावा कराल काय?"

तात्या म्हणजे आमच्या गावचे मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी विचारलं म्हणजे देवीनेच विचारल्यासारखं. सुनंदा माहेरची पूर्णगडची, समुद्राकाठची. लग्न होऊन या डोंगराकडच्या गावात आली, तेव्हा 'हिला माशाबिगर काय रांधता येतं?' असं कुणीतरी म्हटलेलं तिने मनात ठेवलं होतं. रागाने नव्हे. लोणच्याची फोड मुरायला ठेवतात, तसं. त्या दिवशी ती घरी आली ती गुणगुणत. दुसऱ्या दिवशी गावच्या घरचे मोठे टोप माळ्यावरून काढून चिंचेने घासले. रात्रीच्या जेवणात मला आठवडाभर एकच आमटी वेगवेगळ्या मापांत खायला मिळाली, आणि मी दर वेळी जे म्हणतो तेच म्हणालो, "हं."

आमच्या घराण्यात पुरुषांनी जेवणाबद्दल एवढंच बोलायचं असतं. मीठ कमी असलं तर वाक्य होतं. चांगलं असलं तर "हं".

तर अशा आनंदाच्या दिवसांत मी ते पाच तारे दिले.

मुलीच्या फोननंतर मी मजकूर पुसायला बसलो होतो. पण त्याआधीच विलासने त्याचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला होता. विलास सहा आसनी रिक्षा चालवतो. गावात कोणती बातमी कुठल्या थांब्यावर उतरवायची, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. खाली त्याने एकच ओळ लिहिली होती, 'भाऊंचा पोट भरला.' गावात मला भाऊ म्हणतात.

पहिल्या तासाच्या आत निवेदन द्यायचं होतं. मी दिलं. 'काही अज्ञात समाजकंटकांनी माझ्या खात्याचा दुरुपयोग केला असून, खानावळीच्या वाढत्या लोकप्रियतेमुळे पोटात दुखणाऱ्या प्रवृत्तींचा आम्ही निषेध करतो.' हे वाचेपर्यंत ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी मूळ गोष्ट पाहिलीही नव्हती. निवेदनामुळे त्यांनी ती शोधून काढली. मुंबईहून मोठ्या भावाचा फोन आला. त्याला हसू आवरेना. "अरे, समाजकंटक 'मालकीणबाई प्रेमळ' असं कशाला लिहील?" तो म्हणाला. याचं उत्तर प्रशिक्षणात दिलेलं नव्हतं.

मग बोलणारा माणूस एकच ठेवायचा होता. तो अर्थात मीच. वहिनींना मी बजावलं, "कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. भाऊंना विचारा म्हणायचं." शैलावहिनी सांगितलं ते शब्दशः करणाऱ्या. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने विचारलं, "मावशी, भाजी कसली आहे?" वहिनी म्हणाल्या, "भाऊंना विचारा." आमटी तिखट आहे का? भाऊंना विचारा. हात कुठे धुवायचे? भाऊंना विचारा. तो बिचारा हात न धुताच निघून गेला. मी तेव्हा रत्नागिरीत अध्यक्षांच्या हाराची वाट बघत उभा होतो.

हे मी आता हसत लिहितोय. तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "तारीफ जर घरात बनवलेली, तर बाकीचा काय काय तसला असंल?" कौतुक खोटं निघालं, की त्याच्याखालची खरी वस्तूही लोक चिमटा काढून बघतात. इतकी वर्षं त्या दोघींनी न बोलता जे मिळवलं होतं, ते मी दोन परिच्छेद बोलून पातळ केलं. शहरातल्या आचाऱ्याचं नाव पुन्हा निघालं. तात्या म्हणाले, "बगू." आमच्याकडे 'बगू' म्हणजे 'नाही', हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. घासलेले टोप पडवीत उपडे पडून राहिले.

रविवारी मी गावी गेलो, तर तात्या बांधावर उभे. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, ता लिवलान् तो तूच काय?"

विषयाला वळण द्यायचं होतं. मी म्हटलं, "तात्या, यंदा काजूचा मोहर कसा काय आहे?"

तात्या काजूवर मनापासून बोलले. खालच्या अंगाचा मोहर कसा धुक्याने करपला, वरच्या कातळावरचा कसा टिकला, गेल्या साली वानरांनी काय केलं, वानरांच्या आधी सरकारने काय केलं. उन्हात मी मान डोलवत होतो. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "हां. तर तो तूच काय?"

शिमग्याचं एक अंग शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. होम पेटला की त्याच्याभोवती फाका घालतात. म्हणजे गावातल्या ज्याने ज्याने वर्षभरात काही शहाणपणा केला असेल, त्याच्या नावाने पोरं यमक जुळवून ओरडतात आणि सगळे मिळून बोंब मारतात. कोणी सुटत नाही. सरपंच सुटत नाही, पोलीसपाटील सुटत नाही. आणि जे होमात ओरडून टाकलं, ते पुन्हा उकरून काढायचं नाही, अशी रीत. वर्षभराची कुजबुज एका संध्याकाळी जळून जाते आणि माणूस दुसऱ्या दिवशी मोकळा होतो.

माझे वडील त्याच गावात मास्तर होते. त्यांच्या छत्रीवर एकदा फाक झाली होती. ते फाल्गुनातही छत्री घेऊन फिरायचे. मी तेव्हा लहान, आईच्या मागे उभा राहून लाजेने रडकुंडीला आलेलो. वडील शांतपणे होमाजवळ गेले आणि म्हणाले, "पोरांनो, दुसरी ओळ लंगडते आहे. नीट बसवा आणि पुन्हा म्हणा." पोरांनी बसवली, म्हटली. वडील म्हणाले, "आता झाली." आणि छत्री उघडून घरी आले. त्यांच्यावर पुढे कोणी फाक घातली नाही. मजाच गेली होती ना. ज्या पोरांनी ओरडा केला, ती दुसऱ्या दिवशी आमच्याच ओटीवर पुरणपोळ्या खात बसली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. असा बाप असताना मी विद्या कुठून शिकून आलो, तर कानाला माईक लावलेल्या माणसाकडून!

होळीच्या आदल्या दिवशी मी विलासला गाठलं. म्हटलं, मंडळाचा मोठा फलक माझ्याकडून छापून देतो, देवीचा रंगीत फोटो घालून, खाली तुम्हा सगळ्यांची नावं. फक्त फाका घालताना जरा आमचं बघा.

विलासने रिक्षाची काच पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. "भाऊ," तो म्हणाला, "फाका विकत मिळत नाय वो. मिळत आसत्या तर पुढाऱ्यांनी कवाच घेतल्या आसत्या."

दुसऱ्या दिवशी, दिवस कलता कलता, होम पेटला. ढोल घुमला. मुंबईहून आलेली पोरं मोबाईल वर धरून उभी. पहिली फाक सरपंचांच्या नव्या गाडीवर झाली, दुसरी कोणाच्या तरी जावयावर. मग विलासने घसा साफ केला आणि मला कळलं, की आली.

"बायकोच्या भाताला नवऱ्याचे तारे,
आपणच दिलान् नि आपणच म्हणतो, वा रे!"

अशी बोंब उठली की समोरच्या डोंगरानेही ती परत म्हणून दाखवली. वाईट म्हणजे, यमक निर्दोष होतं. वडिलांनाही काही दुरुस्ती सुचली नसती.

इथे गप्प राहायचं असतं. गावातलं शेंबडं पोरही गप्प राहतं. फाकेला उत्तर देणारा माणूस आमच्या गावात तोवर जन्मला नव्हता. मी खिशातून कागद काढला. मी घरून निवेदन टाईप करून आणलं होतं, पतसंस्थेच्या पद्धतीने, वर 'खुलासा' असा ठळक मथळा. "बंधू-भगिनींनो," मी सुरू केलं, "सदर प्रकरणी वस्तुस्थिती अशी की..." ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला. माणसं माझ्याकडे बघत होती, ती रागाने नव्हे. भर पंगतीत कोणी छत्री उघडून बसावं आणि लोकांनी बघावं, तशी बघत होती.

तात्या पुढे आले. माझ्या हातातला कागद त्यांनी अलगद काढून घेतला, चष्मा नसल्यामुळे लांब धरून बघितल्यासारखं केलं आणि होमात टाकला.

"झाला," ते म्हणाले. "ह्यो पन गेला. वाजीव रे ढोल!"

त्या धगीत माझा चेहरा लाल झाला होता. धग होती हे बरं झालं. कारण कोणी विचारलं नाही.

सकाळी पालखी आमच्या दारी यायची होती. वहिनींनी आणि सुनंदाने पहाटे उठून खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवलं होतं. शेणाचा ओला गार वास, त्यावर पांढरी रांगोळी, दाराला आंब्याच्या डहाळीचा टाळ. (बघा, आलंच शेवटी नाव.) लांबून ताशा ऐकू आला, मग शेताच्या बांधावरून गुलालात न्हालेली पालखी झुलत येताना दिसली. पालखी येताना बघितली की माझ्या वयाच्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं, आणि ते लपवावं लागत नाही, सगळ्यांच्याच येतं. भोयांनी खळ्यात पालखी नाचवली, मग ओटीवर टेकवली. दोघी जावांनी देवीची ओटी भरली. खांद्याला वळ उठलेले भोई कठड्याला टेकून पाणी पीत होते. मंडळाची सगळी माणसं तिथेच. विलासही.

तात्या नारळ हातात घेऊन पालखीपुढे उभे राहिले. "भाऊ, काय घालू गाराण्यात?"

गाऱ्हाण्यात घरधन्याने आपलं मागणं सांगायचं असतं. कोणाला नोकरी, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या विहिरीला पाणी. तात्या ते देवीच्या भाषेत, मोठ्याने, सगळ्या गावासमोर घालतात. मी घसा खाकरला. "तात्या, खानावळीच्या नावलौकिकाबाबत पसरलेला गैरसमज..."

माझा शर्ट मागून ओढला गेला. सुनंदा पदर सावरून पुढे आली. एवढ्या गड्यांसमोर ती कधी मोठ्याने बोलत नाही. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, पण आवाज स्वच्छ होता.

"तात्या, ह्यांचं राहू दे. एवढंच घाला. ह्या घरातल्या माणसाने बढाई मारली, खोट्या नावाने मारायला गेला आणि तीही त्याला जमली नाही. पोटात घे म्हणावं. आणि आम्हा दोघींचा हात कसा आहे, ते कोणी सांगायला नको. जेवेल त्याच्या जिभेला कळू दे."

तात्यांनी नारळ कपाळाला लावला आणि त्यांचा तो खर्जातला आवाज खळ्यात घुमला. "तर बाय माजे आई, ह्या घरच्या धन्यान् बढाई मारलान् आसंल, लोकांत हसा करून घेतलान् आसंल, तर तुजा लेकरू म्हनून पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. विलास सगळ्यात मोठ्याने.

"आनी ह्या दोगी लेकीं‌च्या हाताची चव जेवनाराच्या जिबंला कळू दे!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, एका घावात, दोन स्वच्छ वाट्या. मला वाटतं, माझ्या अख्ख्या नोकरीत मी असं निवेदन लिहिलेलं नाही. त्यात एक शब्द जास्त नव्हता, एक लपवलेला नव्हता, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यावर स्वतःच्या तोंडाने सही केली होती.

वहिनींनी भोयांपुढे पानं मांडली. ओल्या काजूची उसळ, भाकरी. पहिला घास कोणी उचलण्याआधीच सुनंदा म्हणाली, "उसळीला मीठ जरा कमी पडलंय आज, घाईत झालं. वरून घ्या." असं कोण सांगतं? पानं वाढून झाली, माणसं जेवायला लागली, आणि खळ्यात हळूहळू ती शांतता पसरली. चांगलं जेवण तोंडात असलं की आमच्या माणसांची पसरते, ती. मीठ कोणी मागितलं नाही. विलासने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि माझी नजर चुकवली.

हात धुताना तात्या म्हणाले, "सहाणंवरचा जेवान जावांकडं. पन येक हाय. भाऊ वाडपी नको. आपणच वाडंल नि आपणच 'वा रे' म्हनंल."

पालखी सहाणेवर बसली, त्या दिवशी मी तिथे पाण्याच्या घागरी वाहिल्या. पंगतीमागून पंगती उठल्या. आमटीचा तो मोठा टोप खरवडून रिकामा होताना मी बघितला. चुलाण्याच्या धुरात दोघी जावा उभ्या, एकीच्या कपाळावरची राख दुसरी पदराने पुसत होती. पूर्णगडच्या मुलीला माशाबिगर काय रांधता येतं, ते गाव बोटं चाटून सांगत होतं. शब्द कोणी वापरला नाही. काही म्हाताऱ्यांनी जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

संध्याकाळी आम्ही दोघं घराच्या ओटीवर बसलो होतो. पालखी परत देवळात गेली होती. खळ्यात अजून गुलालाचे डाग आणि नारळाच्या शेंड्या. सुनंदा पाय पसरून, भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी फोन काढला. होमात टाकलेलं उकरायचं नसतं हे खरं, पण फोनातलं तसंच पडून होतं. त्या सगळ्या गोंधळात ते पुसायचं राहूनच गेलं होतं. माझ्या टायवाल्या चेहऱ्याकडे बघत मी बोट पुढे केलं.

"काय करताय?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"ते पुसतो. तारे."

"पुसू नका."

मला वाटलं, शिक्षा म्हणून ठेवायला सांगते आहे.

"वरती एवढंच घाला, की मी हिचा नवरा. आणि ते खालचं 'धन्यवाद सर' तेवढं काढून टाका. बाकी राहू दे."

"अगं, पण गाव हसतं."

"हसू दे." मग तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. दमलेली होती, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. "इतकी वर्षं पानावर बसता आणि 'हं' म्हणून उठता. 'अप्रतिम' हा शब्द तुम्हाला येतो, हे मला त्या फोनवरून कळलं. आता आत चला. दोन घास काढून ठेवलेत. आणि या वेळी मला सांगा, गावाला नको."